अनवाणी साहेब

सकाळी सात वाजता खळकाका ओट्यापाशी पातेलं ढवळत उभे होते आणि त्यांच्या मागे त्यांचे जावई वाटी घेऊन उभे होते. जावयांना वाटलं, सासरेबुवांनी आज सगळ्यांसाठी पेज केली आहे. गेल्या वर्षी सासूबाई गेल्यापासून म्हातारा कशातच लक्ष घालत नव्हता, तेव्हा हे लक्षण चांगलंच म्हणायचं. त्यांनी वाटीभर वाढून घेतलं, वर साखर पेरली आणि तीन-चार चमचे खाऊनही टाकले.

"छान झालीय हो बाबा. जरा चिकट आहे, एवढंच."

"चिकट असणारच," खळकाका म्हणाले. "खळ आहे ती."

"कसली खळ?"

"कागद चिकटवायची. अजून मोरचूद घालायचाय त्यात. मोरचूद घातला की उंदीर तोंड लावत नाहीत."

जावयांनी वाटी तिथेच ठेवली आणि मोरीकडे धाव घेतली. आवाज ऐकून लेक आली. पातेलं, वाटी आणि मोरीतला नवरा असं तिन्ही बघून तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, अहो काय चाललंय तुमचं?"

"काही होत नाही त्यांना. नुसतं पीठ आणि पाणी आहे. उलट दिवसभर पोट धरून राहील."

"आणि ही बादली? कुठं निघालात?"

"कामावर," खळकाका म्हणाले.

लेकीने मोरीतल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याने तोंड पुसता पुसता लेकीकडे. खळकाकांना निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती, तेही एका शाळेच्या शिपाईगिरीतून. भिंतींवर जाहिरातींचे कागद चिकटवायचं काम त्यांनी तरुणपणी जेमतेम सहा वर्षं केलं होतं. पण माणसाला कुठलं नाव चिकटेल याचा नेम नसतो. नोकरी सहा वर्षांची आणि नाव जन्मभराचं, असं झालं होतं खरं.

लेक मऊ आवाजात म्हणाली, "आई असती तर तुम्हाला असं जाऊ दिलं नसतं."

"आईचंच काम आहे," खळकाका म्हणाले आणि पातेलं बादलीत उपडं केलं.

झालं होतं असं. आदल्या दिवशी लेक त्यांना पेपर वाचून दाखवत होती. खळकाकांना आकडे कळत, अक्षरं कळत नसत. बायको होती तोवर ती रोज सकाळी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवायची, अगदी हरवले-सापडलेसुद्धा. लेकीला कामावर जायची घाई, त्यामुळे ती नुसते मथळे वाचायची आणि पान उलटायची. असंच एक पान उलटताना खळकाकांनी तिचा हात धरला.

"हे काय आहे?"

"हे होय? संग्रहालयात जुन्या जाहिरातींचं प्रदर्शन आहे. 'भिंतीवरचा देश'. उद्या अकराला उद्घाटन. ही म्हणे तिथली सगळ्यात महत्त्वाची जाहिरात. एक जुनी इमारत पाडताना भिंतीवर सापडली, कागदांच्या तीस थरांखाली. बघा की, गंमतच आहे, साहेब अनवाणी आणि..."

खळकाका बघतच होते. त्यांच्या हातातला चहा तसाच निवून गेला.

हे चित्र त्यांनी आयुष्यात एकदाच, तेही घाबरत घाबरत पाहिलं होतं, पण विसरले नव्हते. तेव्हा देश नवा होता आणि जिकडेतिकडे देशच असायचा. साबणात देश, काडेपेटीत देश, मच्छरांच्या औषधातसुद्धा देश. चहाच्या कंपनीने मग मागे का राहावं? तिने भलीमोठी जाहिरात काढली. उगवत्या सूर्यासमोर दोन माणसं उभी. डावीकडे हॅट घातलेला साहेब, हातात कपबशी. उजवीकडे कामगार, हातात पेला. खाली साहेबाच्या पायाशी लिहिलेलं 'देश एक' आणि कामगाराच्या पायाशी 'चहा एक'. चहा एकच होता, पण साहेबाला कडक इस्त्रीची विजार आणि चकचकीत काळे बूट होते, कामगाराची विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि पाय उघडे होते.

एवढी मोठी जाहिरात अखंड कशी छापणार? ती चार कागदांत यायची. मागे निळ्या पेन्सिलीने आकडे घातलेले असत. एक आणि दोन वर, तीन आणि चार खाली. जोडीदाराने खाली जमिनीवर कागद पालथा घालून पाठीला खळ फासायची, आकडा आत जाईल अशी घडी घालून वर द्यायचा, आणि शिडीवरच्याने तो लावायचा. शिडीवरच्याचं नाक भिंतीला टेकलेलं असतं. त्याला चित्र कधी दिसतच नाही, दिसतं ते फार तर साहेबाचं एक बटण. सगळं लावून झालं की खाली उतरायचं, रस्त्याच्या पलीकडे जायचं आणि एकदा मागे वळून बघायचं, ही त्या धंद्याची रीत होती.

त्या दिवशी खळकाकांच्या जोडीदाराला ताप आला होता. लग्नाला सहा महिने झालेली एकोणीस वर्षांची बायको म्हणाली, "मी येते की. खळ फासायला काय बारिस्टर लागतो?" ती चार इयत्ता शिकलेली होती, म्हणजे जोडीदारापेक्षा चारने जास्त. तिने भिंतीखाली चारही कागद मांडले आणि कमरेवर हात ठेवून बघत बसली.

"अहो, हा उजवीकडचा तुमच्यासारखा दिसतो. मिशा बघा ना."

"असेल."

"मग ह्याला का नाहीत बूट?"

"कामगार आहे तो."

"पण चहा एक आहे ना? देश पण एक आहे म्हणे. मग पाय का दोन तऱ्हेचे?"

"अगं, कागदावरचा माणूस तो. त्याला कुठं काटा टोचतोय?" खळकाका शिडी लावत म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या टाचेला त्या आठवड्यात शिडीच्या लाकडाची बारीक फास शिरली होती आणि चिंधी बांधलेली होती. पायात काही घातलं तर शिडीवर खळीवरून पाय सटके, म्हणून कागद लावणारे सगळे अनवाणीच असत. बायको रोज संध्याकाळी ती टाच मांडीवर घेऊन बसायची.

वरचे दोन कागद लागले. खालून बराच वेळ काही आलं नाही, म्हणून त्यांनी वाकून पाहिलं तर ती त्यांचीच निळी पेन्सिल घेऊन कागदाच्या पाठीवर काहीतरी गिरवत होती.

"काय लिहितेस?"

"आकडे पुसट झालेत. मोठे करते."

मग तिने कागद दिला. "तीनच ना?" त्यांनी विचारलं. "हो हो, तीनच," ती म्हणाली. मग चौथा. खाली उतरून ते रस्ता ओलांडायला निघाले तर तिने त्यांचा दंड धरला आणि दुसऱ्या बाजूला ओढलं. "चला ना, छान दिसतंय. मी बघितलंय. मला भूक लागलीय." नवी बायको दंड धरते तेव्हा कोण मागे वळून बघतो? खळकाकांनीही बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुकादमाने त्यांना भिंतीसमोर उभं केलं. चहा कंपनीच्या साहेबांना गाडीतून जाताना ते दिसलं होतं, आणि जाहिरातीतला साहेब थोडा त्यांच्यासारखाच होता.

"साहेबांचे पाय कुठं गेले?" मुकादमाने विचारलं.

"आहेत की. दोन्ही आहेत."

"कुणाचे आहेत?"

खळकाकांनी नीट पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. तीन आणि चारची अदलाबदल झाली होती. हॅटवाला साहेब गुडघ्यापर्यंत विजार दुमडून अनवाणी उभा होता आणि मिशीवाला कामगार चकचकीत बूट घालून आरामात चहा पीत होता. लिहिलेलंसुद्धा 'चहा एक, देश एक' असं झालं होतं आणि ते इतकं बिनचूक वाचता येत होतं, की तीन दिवसांत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या चित्रावर त्याच दिवशी कोरा कागद ओढला गेला आणि खळकाकांच्या नोकरीवर कायमचा. 'कामावर नशेत असल्याने' असा शेरा पडला. खळकाकांनी चहापेक्षा कडक कशालाही कधी तोंड लावलेलं नव्हतं. आकडे मोठे करताना तिचाच गोंधळ झाला, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. पण सहा महिन्यांच्या बायकोला, तुझ्यापायी माझी नोकरी गेली, असं कसं सांगायचं? घरी येऊन ते म्हणाले, "चुकलं माझं. लक्ष नव्हतं." ती त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग आत गेली आणि खूप रडली. नोकरीसाठी रडत असेल, असं त्यांना वाटलं.

पुढे ते 'नशेत'चं बालंट गल्लीभर झालं, तेव्हा तसं बोलणाऱ्या प्रत्येकाशी ती कडाकडा भांडली. शाळेत शिपायाची नोकरी लागली त्या दिवशी तिने त्यांना काळे बूट आणले, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी ते पुसून, पॉलिश करून दाराशी ठेवायचा तिने नेमच धरला. निवृत्त झाल्यावरही मोडला नाही. "अगं, मला जायचंय कुठं?" ते चिडायचे. "राहू द्या. पायात असू द्यात," ती म्हणायची. शेवटच्या आजारात एकदा तिने त्यांचा हात धरला. "अहो, त्या भिंतीचं तुम्हाला एक सांगायचं राहिलंय."

चूक आपली होती हे तिला कळलं वाटतं, खळकाकांच्या मनात आलं. आता मरताना हिच्या जिवाला कशाला घोर? "काही सांगू नकोस," ते म्हणाले. "माझीच चूक होती ती. झोप तू."

तिने डोळे मिटले. चार दिवसांनी गेली.

आणि आता तिच्या हातची ती चूक संग्रहालयात टांगून ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याने हसायला. पन्नास वर्षं झाकलेली. म्हणून खळकाका बादली आणि कुंचा घेऊन, न पुसलेले बूट घालून निघाले होते. अकराच्या आत पोचायचं, तीन आणि चार सोडवायचे, जागच्या जागी लावायचे आणि घरी यायचं. त्यांच्या हिशेबाने अर्ध्या तासाचं काम होतं.

संग्रहालयाच्या दाराशी रखवालदाराने त्यांना अडवलं. "बादलीत काय आहे?"

"खळ."

"कशाला?"

"आत एक-दोन कागद चिकटवायचेत."

रखवालदाराचा चेहरा एकदम उजळला. "अहो मग लवकर या की! बाईंनी सकाळपासून डोकं खाल्लंय. चिकटवणारा आला का, चिकटवणारा आला का! दहा वेळा फोन झाले तुमच्या माणसाला."

खळकाकांनी आपला कुठलाही माणूस नसल्याचं सांगायला तोंड उघडलं, पण तोवर रखवालदाराने त्यांना दालनात नेऊन सोडलंही होतं. तिथे संग्रहालयाच्या बाई एका कानाला फोन लावून उभ्या होत्या आणि भिंतीवरून एक पाटी सावकाश सुटून खाली येत होती. प्रत्येक जाहिरातीशेजारी तिचा अर्थ सांगणारी छापील पाटी लावलेली होती. ओलसर भिंतीवर त्यांची चिकटपट्टी टिकत नव्हती.

"आलात? देवासारखे आलात," बाई फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "हा सुटलेल्या तिन्ही पाट्यांचा गठ्ठा. क्रमाने लावलाय. वरची साबणाला, मग ट्रॅक्टर, मग विमा. कळलं?"

"कळलं. पण बाई, ते मधलं चित्र आहे ना, त्याचे खालचे कागद उलटसुलट लागलेत. अदलाबदल करू का?"

"करा, करा, काय करायचं ते करा," बाई पुन्हा फोनला लागल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी गठ्ठ्यातली वरची पाटी उचलली, पलीकडच्या माणसाला त्यातली दोन वाक्यं वाचून दाखवली आणि ती गठ्ठ्याच्या तळाशी ठेवून त्या निघून गेल्या.

खळकाकांनी ते पाहिलं नाही. ते दालनाच्या मध्यभागी पोचले होते.

साहेब तसाच होता, अनवाणी. कामगारही तसाच होता, मिशीवाला. रंग उडाले होते, मधून फाटलंही होतं, पण बूट अजून चकाकत होते. आणि सगळ्याच्या पुढे भिंतीएवढी काच होती, चारही कोपऱ्यांत पितळी स्क्रू लावून घट्ट बसवलेली. खळकाकांच्या धंद्यात काच नसायची. त्यांनी खिशातल्या दहा पैशांच्या नाण्याने एक स्क्रू फिरवून पाहिला, पण नाणंच वाकलं. त्यांना रडू येईल असं वाटलं. मग एवढी शिजवलेली खळ वाया जायला नको, म्हणून त्यांनी आधी पाट्या लावून टाकल्या. हात विसरले नव्हते. एकही सुरकुती नाही, एकही फुगा नाही. साबण, ट्रॅक्टर, विमा, क्रमाने.

ते चौथ्या कोपऱ्याचा स्क्रू नखाने उघडतो का बघत होते, तेवढ्यात दारं उघडली आणि पाहुणे आत आले. खळकाका बादलीसह एका खांबाआड सरकले.

पाहुणे शिकलेले होते, आणि शिकलेला माणूस आधी चित्र बघत नाही, पाटी वाचतो. साबणाच्या जाहिरातीत हौदात बसलेली एक नाजूक बाई होती. शेजारी लिहिलं होतं, 'रुंद चाकं, दणकट बांधा आणि पंचवीस घोड्यांचं बळ. या आकृतीतून तरुण राष्ट्राचा आत्मविश्वास बोलतो.' ट्रॅक्टरशेजारी लिहिलं होतं, 'मध्यमवर्गीय कुटुंबप्रमुख. आपल्या पश्चात घराचं काय होईल, ही चिंता त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.' आणि विम्याच्या जाहिरातीतल्या टकल्या, ढेरपोट्या गृहस्थाशेजारी, 'दुधात न्हालेली ही तुकतुकीत कांती राबणाऱ्या स्त्रियांना कधीच मिळणार नव्हती. म्हणूनच ती सर्वांना हवीशी वाटे.'

"खरंच की हो," एक गृहस्थ ट्रॅक्टरकडे टक लावून म्हणाले. "दिव्यांतच चिंता दिसते."

त्यांच्या पत्नीने मान डोलावली. पाच मिनिटं सगळं दालन मान डोलावत होतं. मग बाई आल्या, त्यांनी साबण वाचला, ट्रॅक्टर वाचला, आणि विम्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांचा आवाज गेला होता.

"हे कोणी लावलं?"

दुसरा एखादा असता तर खांबाआडून तसाच दाराबाहेर गेला असता. पण खळकाका एकदा चूक अंगावर घ्यायला शिकले होते, ती सवय मोडली नव्हती. ते बादली घेऊन पुढे आले.

"मी लावलं, बाई. मला वाचता येत नाही. क्रमाने लावलं, पण काहीतरी गडबड झालेली दिसते."

"तुम्हाला पाठवलं कोणी?"

"कुणीच नाही. मी त्याच्यासाठी आलो होतो," त्यांनी मधल्या चित्राकडे बोट दाखवलं. "तेही मीच लावलंय. पन्नास वर्षांमागं. तेही चुकलंय. नोकरी गेली माझी त्यात. काच काढून दिलीत तर आत्ता नीट करून देतो."

प्रमुख पाहुणे म्हणून आलेले प्राध्यापक गर्दीतून वाट काढत आले. या एका चित्रावर त्यांनी चारशे पानं लिहिली होती. त्यांनी खळकाकांचा खळ लागलेला हात दोन्ही हातांत धरला आणि तो काही वेळ त्यांना सोडवता आला नाही, कारण खळ चांगली झाली होती.

"तुम्ही! आम्ही समजत होतो की तो अज्ञात बंडखोर केव्हाच गेला असेल."

"बंडखोर नाही हो. चिकटवणारा."

"तेच ते!" प्राध्यापकांनी त्यांना मंचावर नेलं, खुर्चीवर बसवलं. बादलीही कोणीतरी आदराने शेजारी आणून ठेवली. "मित्रहो, त्या काळच्या जाहिराती आपल्याला सांगत की देश एक आहे. पण चित्रातले पाय खरं बोलून जात. या गृहस्थांनी फक्त पायांची अदलाबदल केली आणि अख्खी जाहिरात खरी करून टाकली. काका, सांगा लोकांना, हे तुम्ही जाणूनबुजून केलंत ना?"

"नाही," खळकाका ठामपणे म्हणाले. "चूक झाली. माझी. माझ्या एकट्याची. बरोबर कोणी नव्हतं."

"ही नम्रता बघा! पण काका, आता लपवून काय उपयोग? कागद भिंतीवरून सोडवले तेव्हा त्यांच्या पाठी आम्हाला दिसल्या." प्राध्यापकांनी खूण केली आणि मागच्या पडद्यावर एक मोठा फोटो उमटला. पिवळट कागद, वर निळ्या पेन्सिलीचा तीन, आणि त्याखाली बारीक निळी अक्षरं. शेजारी चार, आणि त्याखालीही अक्षरं.

खळकाकांना त्यातले आकडे कळले. ते पुसट नव्हते. कोणी मोठेही केलेले नव्हते.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"वा, आमची परीक्षा घेता? ऐका मित्रहो. बुटांच्या कागदामागे लिहिलंय, 'हे बूट आमच्यांना.' आणि अनवाणी पायांच्या कागदामागे, 'साहेब राहू दे एक दिवस अनवाणी.'"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खळकाकांना त्या ऐकू आल्या नाहीत. त्यांना फक्त एक आवाज ऐकू येत होता. आमच्यांना चहा बिनसाखरेचा द्या हं. आमच्यांना ऊन सोसत नाही. आमच्यांना नशेबाज म्हणायची हिंमत कशी होते तुमची! पन्नास वर्षं तिने चारचौघांत त्यांचा दुसरा उल्लेख केला नव्हता.

"'आमच्यांना!'" प्राध्यापक रंगात आले होते. "एका शब्दात अख्खा वर्ग आला. तुमच्यांना नाही, आमच्यांना. राबणाऱ्या कोट्यवधी लोकांना!"

"पण सर," संग्रहालयाच्या बाई मध्येच म्हणाल्या, "काकांना लिहितावाचता येत नाही. मग हे लिहिलं कोणी?"

प्राध्यापकांनी वही उघडली. "म्हणजे यामागे संघटना होती! काका, किती जण होतात तुम्ही?"

"दोघं," खळकाका म्हणाले.

"फक्त दोघं! आणि पुढारी कोण?"

"ती."

"एक स्त्री! ऐकलंत?" प्राध्यापकांनी वहीत घाईघाईने काहीतरी टिपून घेतलं. "मग तुम्हीच सांगा काका. 'आमच्यांना' म्हणजे नेमकं कोणाला?"

खळकाकांनी पडद्याकडे पाहिलं. ती अक्षरं बारीक होती, थोडी डावीकडे कललेली, घाईत लिहिलेली. ते शिडीवर होते आणि ती खाली जमिनीवर बसून हे लिहीत होती. चूक नव्हतीच ती. ती पन्नास वर्षं रोज बूट पुसत होती आणि ते पन्नास वर्षं तिची चूक पोटात ठेवत होते, आणि ती सांगायला लागली तेव्हा त्यांनीच तिला झोप म्हटलं. रोज तिने त्यांना सगळा पेपर वाचून दाखवला. तेवढ्या दोन ओळी वाचून दाखवायच्या राहिल्या.

"मला," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. "काका म्हणतात, 'मला'!" प्राध्यापकांनी दोन्ही हात उंचावले. "म्हणजेच प्रत्येकाला! यापेक्षा मोठी व्याख्या कुठल्या ग्रंथात सापडेल?"

खळकाका खुर्चीवरून उठले, बादली न घेताच मंचावरून उतरले आणि बाहेरच्या पायरीवर येऊन बसले. ऊन चढलं होतं. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. वर्षभराची धूळ बसली होती, डाव्या टोकावर खळीचा थेंब वाळला होता. त्यांनी रुमाल काढला, तो बोटाला गुंडाळला आणि आधी डावा बूट पुसायला घेतला, कारण ती नेहमी डाव्यापासून सुरुवात करायची. हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते, त्यामुळे ते काम काही नीट होईना.

रखवालदार बादली घेऊन बाहेर आला. "काका, राहिली की तुमची. खळ बरीच उरलीय."

"टाकून दे. आता काही चिकटवायचं नाही."

"बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

"नको." खळकाका उजव्या बुटाकडे वळले. "बुटांपायी माझी चांगली नोकरी घालवलीन रे."

"कोणी?"

"आमचीनं."

आमची म्हणजे कोण, हे रखवालदाराने विचारलं नाही. बादली बाजूला ठेवून तो त्यांच्याशेजारी पायरीवर बसला. त्याच्याही घरी एक होती.